दोरीवरची जागा

मागं आवाज पोचतोय ना? बरं. माइक मला फारसा जमत नाही, मैदानावर ओरडून ओरडून सवय गेली.

आज माझ्यापुढं दोन तऱ्हेची मंडळी बसली आहेत. पुढच्या रांगेत धडगाव-अक्कलकुव्याकडची पोरं आहेत, त्यांच्या घरी तीरकामठा खुंटीला असतोच. मागं शहादा-नंदुरबारच्या शाळांचे क्रीडाशिक्षक आहेत, त्यांना शाळेनं लाकडी धनुष्यं आणून दिली आणि सांगितलं, आता शिकवा. विषय दोघांना एकच लागू आहे: दोरीवर तीर नेमका कुठं बसवायचा. त्या जागेला नॉकिंग पॉइंट म्हणतात. मी तोच शब्द वापरतो, कारण दुकानातही तोच चालतो.

सातपुड्यातला जुना कामठा ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे, त्याची दोरी सुताची नसते, बांबूचीच चपटी कांब असते. तिच्यावर कसलीही खूण नाही. एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, तुम्ही तीर कुठं लावता? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी विचारलं की घास तोंडात कुठं घालता. लहानपणापासून हजारो तीर सोडलेल्या बोटांना जागा ठाऊक असते. आपल्या पोरांनी आत्तापर्यंत दोनशे तीर सोडलेत. म्हणून दोरीवर गाठ बांधायची. बोटं शिकेपर्यंत गाठ लक्षात ठेवते.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सुरुवातीच्या काळात माझ्याकडं बारा धनुष्यं आली. एक मी नीट लावलं, तीर सरळ जायला लागले. मग मी शहाणपणा केला. पुठ्ठ्याची पट्टी कापली, त्या एकाचं माप तिच्यावर घेतलं आणि एका संध्याकाळी उरलेल्या अकरांवर गाठीऐवजी लावतात त्या पितळी कड्या दाबून बसवल्या. तेसुद्धा घरातल्या साध्या पकडीनं. दुसऱ्या दिवशी मैदानावर तमाशा. एकाचा तीर उड्या मारत जातोय, दुसऱ्याचं शेपूट खाली. एक पोरगा सारखा ओरडतोय, "सर, तीर वरच जास!" आणि संध्याकाळपर्यंत दोन दोऱ्यांची गुंडाळी, म्हणजे दोरीच्या मध्यावर वेढलेला दोरा, कडीखाली कापली गेलेली. पितळी कडीसाठी वेगळी पक्कड असते, ती कडी सगळ्या बाजूंनी सारखी दाबते. साधी पक्कड दोनच बाजूंनी चावते.

चूक अशी होती की मी धनुष्य मोजलं, पोराचा हात मोजलाच नाही. कुणी एक बोट तीराच्या वर आणि दोन खाली ठेवतो. कुणी तिन्ही बोटं खाली ठेवतो. तिन्ही खाली ठेवणाऱ्याला ती जागा बहुतेक वेळा तीन-चार मिलिमीटर वर लागते. धनुष्य तेच, जागा वेगळी.

आधी दोन गोष्टी करून घ्या. पहिली, दोरी आणि मूठ यांतलं अंतर. आपली जुनी माणसं मूठ धरून अंगठा उभा करतात आणि दोरी अंगठ्याच्या टोकाला लागते का बघतात. साध्या सरळ धनुष्याला ते साधारण बरोबर येतं. (एकलव्याच्या मुलखात अंगठ्यानं मोजायचं म्हणजे गंमतच.) टोकं वळलेल्या रिकर्व्हला अंतर जास्त लागतं, बनवणाऱ्यानं सांगितलेलं माप पाळा. दोरीला पीळ दिला की ती आखूड होते आणि अंतर वाढतं. हे अंतर बदललं की नॉकिंग पॉइंटही हलतो, म्हणून आधी हे. नवी डेक्रॉनची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, दोरी असेल तर निदान पन्नास-साठ तीर सोडून ती ताणून घ्या. आपल्याकडं मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो. धनुष्य जीपच्या टपावर बांधून आणलं तर दोरीचं मेण पातळ होतं, दोरी सैल पडते. सकाळी लावलेलं माप दुपारी खरं नसतं.

दुसरी गोष्ट, तीराची खाच, म्हणजे मागच्या टोकाला दोरी अडकते ती. तीर दोरीला लावून खाली लोंबकळू द्या. पडता कामा नये. मग दोरीवर बोटानं टिचकी मारा, आता पडला पाहिजे. टिचकीनंही पडत नसेल तर खाच घट्ट आहे, आणि पुढचं सगळं निदान चुकणार.

आता माप. बो स्क्वेअर नावाची टी आकाराची पट्टी मिळते. नसेल तर सुताराचा गुण्या चालतो, मी कित्येक वर्षं तोच वापरला. गुण्याची एक बाजू दोरीला टेकवा, दुसरी तीर जिथं ठेवतो त्या शेल्फवर. दोरीवर काटकोनाची जागा मिळेल. तीर तिथंच बसवायचा असं नाही, त्याच्या वर. तीर धनुष्याच्या बरोबर मध्यातून जात नाही, मुठीच्या वरून जातो, आणि पिसांनी शेल्फ ओलांडायचं असतं. काटकोनाच्या रेषेपासून वरच्या गाठीचा खालचा काठ 5/8 इंच, म्हणजे सोळा मिलिमीटर ठेवून सुरू करा. तीर त्या गाठीच्या खाली बसतो. पुष्कळ जण अर्ध्या इंचावरून सुरू करतात. मी मुद्दाम वरून करतो, का ते सांगतो.

गाठ बांधायला मेणाचा दोरा घ्या, दात साफ करायचा फ्लॉससुद्धा छान चालतो. हे बघा. दोरीभोवती एक अर्धी गाठ पुढच्या बाजूला, घट्ट. मग दोऱ्याची टोकं मागं नेऊन तशीच मागच्या बाजूला. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. पाच-सहा वेळा झालं की शेवटी पक्की निरगाठ. टोकं तीन मिलिमीटर सोडून कापा, लायटरची ज्योत नुसती जवळ न्या, नायलॉन वितळून गोळा होतो. दोरीवर ज्योत नेऊ नका, मी नेली आहे. आता ही गाठ नखानं फिरवा. बघा, स्क्रूसारखी वर सरकते, खालच्या गुंडाळीचे वेढे तिला आटे होतात. हे पितळी कडीला जमत नाही. फेविक्विकचा थेंब अगदी शेवटी, सगळं ठरल्यावर.

खाली दुसरी गाठ बांधा. तिन्ही बोटं खाली ठेवणाऱ्यांना तर हवीच, नाहीतर सोडताना तीर दोरीवरून खाली घसरतो. दोन्ही गाठींमध्ये तीराची खाच आवळून बसू नये. दोरी ओढली की कोन होतो आणि गाठी खाचेला चिमटतात. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवा.

आता तीरालाच विचारायचं. तीन तीर पिसांचे, दोन बिनपिसांचे, बाकी सगळे सारखे. दहा-बारा मीटरवरून सोडा. बिनपिसाचा तीर पिसांच्या खाली लागला तर जागा वर आहे, गाठ खाली आणा. वर लागला तर गाठ वर न्या. एका वेळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर, जास्त नाही. डावी-उजवीकडं जातोय ते तीराच्या ताठपणाचं प्रकरण, आज नको.

इथं एक फसवणूक आहे, तिच्यात मीही अडकलो. गाठ फार खाली गेली की तीराचं शेपूट शेल्फवर आपटतं आणि उसळतं. उसळल्यामुळं तीर शेपूट वर करून जातो, म्हणजे खूण दिसते ती जागा वर असल्याची. माणूस गाठ आणखी खाली आणतो, तीर आणखी उसळतो. दिवसभर हेच. म्हणून वरून सुरू करून खाली यायचं. तरीही शंका आली तर शेल्फच्या काठावर बोटभर कुंकू लावा आणि एक तीर सोडा. खालच्या पिसाला लाल लागलं तर तो आपटतोय. ओलं करू नका, नुसतं कोरडं. आमच्याकडची एक मुलगी देवघरातली करंडी घेऊन मैदानावर आली होती, आजीनं नंतर आम्हा दोघांनाही ऐकवलं.

आणि हो, वहीत लिहा. धनुष्य, पोराचं नाव, बोटं कशी, मिलिमीटर किती. दोरी तुटली की नव्या दोरीवर तिथूनच सुरू करता येतं.

बोलणं पुरे झालं. ज्यांनी धनुष्य आणलंय त्यांनी पुढं या. दोरा पिशवीत आहे, गुण्या दोन आहेत, लायटर मात्र एकच आहे, तेव्हा रांगेनं.