टाचेमागची काळी पट्टी

[पोटरी ते टाच, जवळून]

चवड्यांवर उभं राहिलं की टाचेच्या वर ही दोरी ताणून येते. अकिलीस कंडरा, शरीरातली सगळ्यांत जाड. पोटरीचे स्नायू हिच्यामार्फतच टाच उचलतात.

[एमआरआयचं चित्र]

एमआरआयमध्ये ती अशी दिसते. चरबी पांढरी, स्नायू करडा आणि मधून ही काळी पट्टी. पट्टीत पांढरट डाग उमटला की रिपोर्टात 'सौम्य', 'मध्यम' असे शब्द येतात. सौम्य म्हणजे किती? मागच्या खेपेपेक्षा कमी की जास्त?

[पाय बांधताना]

पावलाला फोमचा टेकू, वरून पट्टा. कंडरेचे तंतू चुंबकक्षेत्राशी साधारण 55 अंशांत तिरपे झाले, तर धडधाकट कंडराही उजळते आणि नसलेला आजार दिसू लागतो. याला 'मॅजिक अँगल' म्हणतात. नाव गोड, त्रास खरा. म्हणून पाऊल बांधण्यात एवढा वेळ जातो.

[यंत्राचा आवाज]

रेडिओलहरींचा ठोका पडतो, पाण्यातले हायड्रोजनचे अणू प्रतिसाद देतात. स्नायूचा प्रतिसाद घंटेसारखा घुमत राहतो, 30-40 मिलिसेकंद. कंडरेचा मात्र चिपळीसारखा, एक-दोन मिलिसेकंदांत विरलासुद्धा, कारण तिच्यातलं पाणी कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना घट्ट धरून असतं. नेहमीचा स्कॅन कान देतो तोवर दहाएक मिलिसेकंद उलटलेले असतात. पट्टी काळी दिसते ती त्यामुळे.

'अल्ट्राशॉर्ट एको टाइम' तंत्रात ठोक्यानंतर 0.1 मिलिसेकंदाच्याही आत नोंद सुरू होते. आधी लंडनमध्ये, मग सॅन दिएगोत एमआरआयचे संशोधक ग्रेम बिडर आणि त्यांचे सहकारी या काळ्या भागांच्या मागे चिकाटीने लागले होते.

एका नोंदीने भागत नाही. तीच जागा पुन्हा, जरा उशिराने. पुन्हा, आणखी उशिराने. प्रतिसाद कसा ओसरत गेला, त्याची रेषा प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळी काढायची. त्यातून येणारा आकडा म्हणजे टी-टू-स्टार. मिलिसेकंदांत.

[रंगीत नकाशा]

आता तीच पट्टी बघा. निळं तिथे प्रतिसाद झटकन ओसरला, लाल तिथे रेंगाळला. तंतूंची वीण विस्कटली, सैल पाणी वाढलं की आकडा चढतो. टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वरचा हा टप्पा. दुखणं बहुतेकदा इथेच धरतं.

[टेबल बाहेर येतं]

एका यंत्राचा आकडा दुसऱ्याशी सरळ जुळत नाही, आणि धावपटूला मैदानात कधी सोडायचं हे अजून दुखणं आणि ताकद बघूनच ठरतं.

पट्टा सुटतो.