सामाईक भिंत

मंडळी, साताऱ्याच्या पेठेतली जुनी घरं म्हटली की आपली नजर आधी लाकडी सज्जावर जाते. फोटो निघतो, आपण पुढे सरकतो. मला आज सज्जाबद्दल फार बोलायचं नाही. दुकानं खाली आणि बिऱ्हाडं वर, अशा या ओळी इतकी वर्षं उभ्या राहिल्या त्या दोन घरांमधल्या सामाईक भिंतीच्या जिवावर. आता पडतायत त्याही तिथूनच.

आधी साताऱ्याची जमीन बघा. शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज, त्यांनी राजधानी इथे केली आणि पेठा वसल्या त्या अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेकडच्या उतारावर. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता, दोन्ही उताराला आडवे. मधले बोळ मात्र चढाचे. त्यामुळे वरच्या रस्त्याच्या उत्तर बाजूचं घर समोरून दुमजली दिसतं, मागच्या बोळात उतरलात की तिसरा मजला निघतो. दुकानाच्या खालच्या त्या खोलीला तळघर म्हणायचं, पण तिला मागून उजेड असतो, दार असतं. दक्षिणेकडच्या घरांचं उलट. त्यांची मागची भिंत डोंगराची माती धरून उभी, तिला पावसाळाभर पाझर. जुन्या गवंड्याला हे शिकवावं लागत नव्हतं. आजच्या नकाशांविषयी न बोललेलं बरं.

बांधणी साधी. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब. दोन खांबांमधलं अंतर एक खण, साधारण पाच-सहा फुटांचा. त्या मापाने पुढे दुकानाच्या फळ्या बसतात. या फळ्या बारकाईने बघण्यासारख्या आहेत: खालीवर खाच, प्रत्येक फळीवर क्रमांक कोरलेला, कारण एकीची जागा दुसरीला चालत नाही. शेवटच्या फळीला कुलूप. वर जायचा जिना बहुधा बाजूच्या बोळातून, म्हणजे घरच्या माणसांना गिऱ्हाइकांमधून वाट काढावी लागत नाही. माडीच्या खिडक्या जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू होतात. लोक जाजमावर बसत; रस्ता बसून दिसायला हवा ना!

आता भिंत. पांढऱ्या मातीत रचलेल्या विटांची, हातभर जाड. इकडच्या घराच्या तुळया तिच्यात घुसतात, तिकडूनही घुसतात. एकट्या घराला जे धरून ठेवता आलं नसतं, ते ओळीने धरून ठेवलं.

मग मधलं एखादं घर पडतं, किंवा पाडतात. कारण सहसा बांधकामाचं नसतं, भाड्याचं असतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने दुकानाचं भाडं गोठलं. मालकाला कौलं चाळायचा खर्च परवडेना, भाडेकरू म्हणे घर मालकाचं. दोघांचंही म्हणणं खरं, आणि पाणी आढ्यातून आत. घर उतरवलं की शेजारची भिंत उघडी पडते. रस्त्यावरून बघा कधी: कापलेल्या तुळयांची चौकोनी भोकं, अर्धी देवळी, जिन्याची तिरकी रेघ, आणि एका खोलीच्या रंगाचा निळा तुकडा. ही भिंत पाऊस झेलायला बांधलेलीच नव्हती. शेजारी आरसीसीची इमारत स्वतःच्या कॉलमवर उभी राहते, मध्ये चार बोटांची फट राहते, आणि ती फट कुणाचीच नसते.

यावर उपाय म्हणून लोक सिमेंटचा गिलावा मारतात. मातीच्या भिंतीला तो घातक. आतली ओल बाहेर पडायला वाव राहत नाही, ती वर चढते, क्षार फुटून लोणा लागतो, आणि सगळ्यात आधी कुजतं ते भिंतीतलं तुळईचं टोक. बाहेरून गुळगुळीत, आतून भुसा.

चुन्याचाच गिलावा करा. काम जाणणारा गवंडी मिळतो, शोधावा लागतो एवढंच. आणि त्या फटीवर दोन्ही मालकांनी मिळून पत्रा मारून घ्या, पन्हळ काढून द्या. खर्च निम्मा निम्मा. मृगाच्या आत.