पावसाळा ओलांडणारं फूल

[दृश्य : ठाण्यात, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीची गच्ची. कुंड्यांतून वर आलेल्या उंच दांड्या, टोकाला निळसर जांभळी फुलं.]

निवेदन :
आपल्याकडचं बहुतेक फूल देवाला जातं, नाही तर केसांत. त्याला दांडी लागत नाही. स्कॅबिओसा या परदेशी फुलझाडाची सगळी शान दांडीत आहे. हातभर लांब, सडसडीत, जवळजवळ बिनपानांची. फुलदाणीत एकटीनंही उभी राहते.

जवळून पाहिलं तर हे एक फूल नाही, कितीतरी इवल्या फुलांचा झुपका आहे. कडेची फुलं मोठी, झालरीची. मधली बारीक, आणि त्यांतून पुंकेसर टाचण्यांसारखे वर आलेले. या इवल्या फुलांत मध भरपूर, त्यामुळे मधमाश्या आणि फुलपाखरं इथं रेंगाळतात.

[दृश्य : तळहातावर बिया. प्रत्येक बीला कागदी झालर.]

बहुवर्षायू, म्हणजे अनेक वर्षं जगणाऱ्या जातींत दोन नावं महत्त्वाची. कॉकेसिका ही कॉकेशस पर्वताकडची. फूल मोठं, देखणं. पण तिला थंडी हवी, आणि बीपासून लावली की बहुतेकदा दुसऱ्या वर्षीच नीट फुलते. म्हणजे ठाण्यात तिला फुलण्याआधी एक अख्खा पावसाळा काढावा लागतो. कोलंबेरियाचं फूल लहान, पण ती हंगामाच्या सुरुवातीला पेरली तर त्याच हंगामात फुलू शकते. ठाणेकरांनी कोलंबेरियापासूनच सुरुवात करावी, असं मी ठामपणे सांगेन.

पेरणीची घाई नको. ऑक्टोबरची काहिली उतरू द्यावी. पंधरा ते वीस अंशांत बी उत्तम रुजतं, म्हणून ट्रे सावलीत, घराच्या गार कोपऱ्यात ठेवावा. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, थोडी रेती, वर मातीचा पातळ थर. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपं कुंडीत हलवावीत आणि दिवसाला पाच-सहा तास ऊन द्यावं.

[दृश्य : कुंडी भरणारे हात. तळाशी विटांचे तुकडे.]

आता माती. इथं थोडं थांबायला हवं. युरोपात कोलंबेरिया चुनखडीच्या कुरणांवर वाढते, आणि आपल्या कोकणपट्टीतली लाल माती आम्लधर्मी. म्हणून कुंडीत रेती, थोडं गांडूळखत आणि चमचाभर शेतीचा चुना. खताचा मारा केला तर पानंच पानं येतात. कुंडीखाली ताटली अजिबात नको. पाणी दिलं की ते निघून गेलं पाहिजे.

आधी जमिनीलगत पानांचा गुच्छ बसतो आणि बरेच दिवस काहीच घडत नाही असं वाटतं. धीर धरावा. पेरणीपासून साधारण चार महिन्यांनी मधून दांड्या उठू लागतात.

[दृश्य : सकाळ. कात्रीनं दांडी कापली जाते, लगेच पाण्याच्या बादलीत.]

फूल कापायचं ते सकाळी, ऊन चढण्याआधी. कडेच्या पाकळ्या उघडलेल्या आणि मधल्या कळ्या अजून मिटलेल्या असताना. दांडी अगदी खालून, पानांच्या गुच्छाजवळून कापावी. पाणी रोज बदललं तर पाच-सहा दिवस टिकतं. आणि कापायला कचरू नये! सुकलेली फुलं झाडावर राहिली की ते बी धरायच्या मागे लागतं. कापत राहिलं की नव्या दांड्या येत राहतात. हंगामाच्या शेवटी मात्र दोन-चार फुलं बीसाठी ठेवावीत. बोंड गवती रंगाचं झालं, बोट लावताच बी सुटू लागलं, की काढून कागदाच्या पाकिटात. संकरित वाणाचं बी आईसारखंच फुलेल अशी खात्री नसते, पण घरच्या कुंडीत ती गंमतच आहे.

[दृश्य : जून. गच्चीवर कोसळणारा पाऊस.]

खरी परीक्षा ही. बर्फ पडणाऱ्या देशांतून आलेलं हे झाड थंडी सोसतं. भिजलेली मुळं मात्र सोसत नाही. पानांच्या बुडाशी असलेला गड्डा कुजतो आणि वरून दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्या सरीआधी कुंड्या बाल्कनीच्या छपराखाली, भिंतीपासून थोड्या दूर, विटांवर. हवा खेळती हवी. पिवळी पानं काढत राहावीत. पाणी माती कोरडी झाल्यावरच, तेही बेतानं.

सगळी झाडं वाचतील असं नाही. जी वाचतील, त्यांचे फुगलेले गड्डे पाऊस सरून ऑक्टोबरची काहिली उतरल्यावर दोन-तीन भागांत वेगळे करून नव्या मातीत लावावेत. त्याच आठवड्यात ट्रेमध्ये नवं बीही टाकावं, कारण अगदी चांगल्या हवेतसुद्धा हे झाड तीन-चार वर्षांतच थकतं.