फायबरच्या गाडीतली खरखर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नागपूर केंद्राचे ५८५ किलोहर्ट्झवरचे प्रक्षेपण मी माझ्या जुन्या, फायबरच्या अंगाच्या डॉल्फिन मोटारीत बसून प्रथम ऐकले, तेव्हा निवेदकाच्या आवाजामागे सारखी कटकट ऐकू येत होती. इंजिनाची गती वाढवली की ती कटकट दाट होई आणि इंजिन बंद केले की थांबे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी संच उघडून पाहिला आणि तो निर्दोष असल्याचे सांगून परत दिला. दोष, किंवा स्वभाव म्हणा, गाडीच्या अंगाचा होता. पत्र्याचे बॉनेट स्पार्क प्लगच्या ठिणग्यांतून निघणाऱ्या रेडिओलहरी बऱ्याच अंशी अडवते. फायबरचे बॉनेट त्यांना मोकळी वाट देते. अमेरिकेत १९५३ साली शेवरोलेने फायबरग्लासच्या बॉडीची कॉर्व्हेट बाजारात आणली, तेव्हा तिच्या इग्निशनवर याच कारणासाठी धातूचे आवरण घालावे लागले होते. मात्र याच गुणाचा फायदाही त्यांनी घेतला आणि रेडिओची अँटेना डिकीच्या झाकणातच दडवली.

काचतंतूंची चटई साच्यात अंथरून तिच्यावर पॉलिस्टर रेझिन हा घट्ट होणारा चिकट द्रव चोपडायचा, एवढ्यावर गाडीचे अंग तयार होते. पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांना लागणारे प्रचंड भांडवल इथे लागत नाही, म्हणून लहान कारखानदारांना आणि हौशी माणसांना मोटारी बनवण्याचा मार्ग खुला झाला. इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर विक्रीच्या वेळी लागणारा कर सुट्या भागांवर लागत नसे, त्यामुळे गाडी सुट्या भागांत विकत घेऊन घरीच जोडण्याची पद्धत तिथे बहरली, आणि १९७३ साली मूल्यवर्धित कर आल्यावर ती सवलत संपली. अमेरिकेत ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली मेयर्स मँक्स ही वाळूत पळणारी उघडी मोटार, म्हणजे बग्गी, घडवली. लवकरच तिची फायबरची बॉडी फोक्सवॅगन बीटलच्या आखूड केलेल्या तळावर बसवण्यासाठी विकली जाऊ लागली.

आपल्याकडे घरी जोडायच्या गाड्यांची परंपरा रुजली नाही, पण फायबरच्या गाड्या मात्र आल्या. बंगळूरच्या सिपानी यांची तीनचाकी बादल आली, आणि पुढे ऐंशीच्या दशकात इंग्लंडच्या रिलायंट किटन या गाडीवरून घेतलेली, ८४८ सीसीच्या ॲल्युमिनियम इंजिनाची डॉल्फिन आली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडीही निघाली. अशी एखादी गाडी कामठी रस्त्यावरच्या गोदामात किंवा महालातल्या एखाद्या वाड्याच्या अंगणात ताडपत्रीखाली दिसली आणि मन ओढले, तर काय पाहावे, हे मी माझ्या चुकांच्या आधारे सांगणार आहे.

मी पहिल्यांदा बॉडी पाहिली. ती झकास होती, कुठे गंजाचा ठिपकाही नव्हता, आणि विकणारे सद्गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "फायबर आहे भाऊ, सडायचा प्रश्नच नाही." ते खरेच बोलत होते. सडला होता तो खालचा पोलादी सांगाडा, म्हणजे चेसिस. पत्र्याची गाडी गंजू लागली की दाराखाली, चाकावरच्या कमानीत फोड येऊन ती स्वतःच बोंब मारते. फायबरची गाडी मात्र आपले दुखणे झाकून ठेवते. म्हणून गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली शिरावे, चेसिसच्या पेट्यांना साचलेली माती खरवडावी आणि पेचकस जोर देऊन टोचून पाहावा. बॉडी चेसिसला ज्या बोल्टांनी जखडलेली असते, तेही तपासावेत, कारण लोखंड गंजून फुगले की भोवतीचे फायबर आतून चिरत जाते. दार थोडे उघडून वर उचलून पाहावे. बिजागरीपाशी फायबर फाटले असेल तर दार खाली झोल खाते.

पत्र्याच्या गाडीत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, कुठे भरली आहे ते शोधायला आपण चुंबक फिरवतो. इथे चुंबक निरुपयोगी आहे. त्याऐवजी नाण्याने टकटक करत जावे. निरोगी भागाचा आवाज टणक येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. रंगावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांना फार घाबरू नये. त्या पुष्कळदा जेलकोट म्हणजे रेझिनच्या सर्वांत वरच्या गुळगुळीत थरापुरत्याच असतात. आतल्या बाजूनेही तीच चीर दिसली, तर मात्र ती आरपार आहे असे समजावे आणि भावाची घासाघीस तिथून सुरू करावी.

कागदपत्रांविषयी थोडक्यात बोलतो, कारण तो विषय रंजक नसला तरी पैसे तिथेच बुडतात. केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद केली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणजे १९८२ ची डॉल्फिन २०३२ पर्यंत या दालनात येत नाही, आणि तोपर्यंत तिला नेहमीप्रमाणे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करूनच चालवावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमामुळे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. तेव्हा कुणी हौसेने दुसरेच इंजिन बसवले असेल, तर नोंदणीपुस्तकातले आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक जुळवल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आता दुरुस्ती. नेहमीच्या डेंटरकडे ही गाडी नेऊ नये. त्याचा हातोडा आणि गॅसची ज्योत फायबरला घातक आहे. फायबरच्या पाण्याच्या टाक्या किंवा बागेतल्या घसरगुंड्या बनवणारा कारागीर या कामाला अधिक योग्य. मी हे काम अशाच एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. चीर नुसती लांबीने बुजवली तर पहिल्याच खड्ड्यात ती पुन्हा उघडते. म्हणून चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडून तिची वाढ थांबवायची, कडा घासून दूरवर उतरत्या करायच्या, आतल्या बाजूने चटईचे एकापेक्षा एक मोठे तुकडे बसवायचे आणि ब्रशने ठोकत त्यांतली हवा बाहेर काढायची. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये यासाठी चांगला मास्क आणि चष्मा हवाच. रेझिन घट्ट करणारे हार्डनर आणि ती क्रिया जलद करणारे कोबाल्टचे द्रावण तर कधीही थेट एकत्र करू नये, त्याने स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि मगच दुसरे घालावे.

नागपूरकरांनी या कामाचा मुहूर्त ऋतू पाहून काढावा. हार्डनर सर्वसाधारणपणे रेझिनच्या एक ते दोन टक्के घालतात. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना मी ते प्रमाण दोन टक्के ठेवले, तेव्हा चटईवर ब्रश फिरवायच्या आतच डब्यातले रेझिन घट्ट होऊन धुरकटू लागले. पावसाळ्यात चटई हवेतला ओलावा धरते आणि थर नीट चिकटत नाही. जानेवारीतल्या पहाटेच्या गारठ्यात रेझिन सेट व्हायचे नाव घेत नाही. म्हणून दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, ऊन चढल्यावर काम करावे, हा आमच्या मिस्त्रींचा नियम मी पाळतो.

इंजिन ॲल्युमिनियमचे असल्याने रेडिएटरमध्ये बोअरवेलचे जड पाणी घालू नये. क्षार साचून आतले मार्ग बुजतात. गंजरोधक कूलंट आणि शुद्ध पाणीच वापरावे. दिवे मंद जळत असतील तर बल्ब बदलत बसू नये. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे पत्र्याच्या गाडीप्रमाणे बॉडीलाच अर्थिंग मिळत नाही आणि प्रत्येक दिव्याची परतीची तार स्वतंत्रपणे चेसिसपर्यंत न्यावी लागते. चाळीस वर्षांत त्या तारांची टोके हिरवी पडलेली असतात. माझ्या गाडीच्या मागच्या दिव्यांच्या तारा मी मागच्या महिन्यात बदलल्या. स्पार्क प्लगला रेडिओलहरी दाबणाऱ्या रोधक तारा लावल्या आणि बॉनेटच्या आतल्या बाजूस पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवून तोही चेसिसला जोडला. कटकट आता बरीच कमी झाली आहे, पण सीताबर्डीच्या पुलावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागली की निवेदकांना अजूनही थोडे थांबावे लागते.

नमस्कार.