दांडा हातात आला तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, बाहेर न्यायला व्हीलचेअर आली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "घरी बाथरूमचं तेवढं बघा." साताऱ्यातलं आमचं घर जुनं. बाथरूमला उंच उंबरठा, दार अरुंद, आणि पुढच्या दाराला चौदा इंच चढायच्या दोन पायऱ्या. ओळखीतल्याच एका मिस्त्रींना बोलावलं. ओळखीतले म्हणून कागद काही केला नाही. बोलाबोलीवर काम. अठरा दिवसांत भिंत बोळाकडे सरकवून बाथरूम मोठं झालं, दार मोठं झालं, कमोडजवळ धरून उठायला दांडा बसला, बाहेर रॅम्प झाला. आम्ही पेढे दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमोडवरून उठताना आईंनी भिंतीवरचा दांडा धरला आणि तो स्क्रूसकट, प्लगसकट, थोड्या पांढऱ्या भुग्यासकट त्यांच्या हातात आला. मी मागेच उभी होते म्हणून निभावलं. आई दांडा हातात घेऊन मला म्हणाल्या, "घे गं, लाटणं कर याचं."

तो पांढरा भुगा महत्त्वाचा बरं का. सरकवलेली भिंत नव्या हलक्या ब्लॉकची होती. वीट कशी स्क्रूला घट्ट धरते, तसा हा ब्लॉक धरत नाही. त्यात साधा प्लग ठोकून टॉवेल वाळत घालायची दांडी बसवता येते, माणूस उठवता येत नाही. मी मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, तो नुसता आधाराला असतो. त्याच्यावर अख्खा भार टाकायचा नसतो." आता आधार म्हणजे काय, हे ज्याचे पाय डळमळतात त्यालाच विचारावं. पाय सरकला की अख्खा भार हातावरच येतो, आणि दांडा त्याच एका क्षणासाठी बसवलेला असतो.

मग मी आणि यजमानांनी सगळंच तपासायला घेतलं. खरं म्हणजे शेवटचा हप्ता द्यायच्या आधी हे करायला हवं होतं, पण पेढे आधी दिले ना! बादलीभर पाणी जमिनीवर ओतलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून कमोडच्या बाजूला गोळा झालं, तिथेच तळं. म्हणजे ज्या जागी आई पाय टेकवणार, तीच जागा कायम ओली. रुपयाचं नाणं घेऊन फरशा वाजवत गेलो. बऱ्याचशा भरीव वाजल्या, कोपऱ्यातल्या चार पोकळ. खाली माल नीट भरला नव्हता. दार तीन फुटी सांगितलं होतं. मोजलं तर चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत तीन फूट! आतून स्वच्छ मोकळी जागा अडीच फूट, आणि दार पूर्ण मागे वळत नसल्यामुळे तीही दोन इंच कमी. खुर्ची आत जाते, पण चाकावर धरलेली बोटं चौकटीला खरचटतात. शिवाय दार आत उघडतं. आत कुणी पडलं तर ते माणूसच दाराला आडवं येणार, बाहेरच्यानं उघडायचं कसं?

रॅम्पचं तर विचारूच नका. सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रमाण एकास बारा आहे. एक इंच चढायला बारा इंच लांबी. चौदा इंच चढायला चौदा फूट हवेत. आमचा रॅम्प चार फुटांचा. वर चढवताना यजमानांना दम लागायचा आणि उतरवताना खुर्ची आम्हालाच ओढत न्यायची. आई म्हणायच्या, "ही घसरगुंडी नातवाला ठेवा."

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. फरशी निसरडी होती, आणि ती निवड माझी होती. दुकानात चकाकी बघून मी घेतली. मिस्त्रींनी "मॅट घ्या" असं एकदा म्हटलंही होतं. त्यामुळे फरशी बदलायचा खर्च मी माझ्या बाजूला लिहिला. तक्रार करायची तर आधी आपलं काय आणि त्यांचं काय, हे वेगळं करावं. सगळंच एका माणसाच्या माथी मारलं की तो खऱ्या चुकाही नाकारायला मोकळा होतो.

यजमान म्हणाले, दुसरा माणूस बोलावून उद्याच तोडून टाकू. मी अडवलं. तोडलं की पुरावाच गेला. दांड्याची भोकं, साचलेलं पाणी, मोजपट्टी लावलेली चौकट, सगळ्यांचे फोटो काढले. पाणी ओतण्याचा व्हिडिओ काढला. तोवर बाथरूमचा तो भाग वापरायचा बंद केला आणि आईंसाठी भोक असलेली कमोडची खुर्ची भाड्याने आणली. तिच्या भाड्याची पावतीही ठेवली. गावातल्या एका इंजिनिअरला फी देऊन एक पान लिहून घेतलं: कुठे काय चुकलं आणि दुरुस्त कसं करायचं. माझ्या बोलण्याला वजन आलं ते त्या पानामुळे. "काम खराब आहे" असं म्हटलं की भांडण होतं. "उतार उलटा आहे, जाळीकडे हवा" असं म्हटलं की माणसाला उत्तर द्यावं लागतं.

मग मिस्त्रींना रजिस्टर्ड पोस्टाने पत्र. चुका कुठल्या, कोणती दुरुस्ती हवी, आणि त्यासाठी पंधरा दिवस. बोलाबोलीचं काम असलं तरी पैसे मोबाइलवरून दिलेले होते आणि "दांडा कुठे बसवू" वगैरे संदेश तसेच होते. तेच आमचे कागद. फोन बदलताना ते पुसू नका.

पत्र गेल्यावर मिस्त्री चिडले. "वहिनी, कोर्टाची भाषा?" मी म्हटलं, कोर्टाची नाही, ग्राहकाची. पैसे देऊन करून घेतलेलं घराचं काम ही सेवा आहे. घरबांधणी ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 सालीच स्पष्ट केलं, आणि 2019 च्या कायद्यात घरबांधणी हा शब्दच सेवेच्या व्याख्येत आहे. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. कामाचा दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. आधी चौकशी करायची असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. कुणी शेजारधर्म म्हणून फुकट काही करून दिलं असेल तर मात्र हा मार्ग नाही. ते काम सेवेच्या व्याख्येत येत नाही.

आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही. बाराव्या दिवशी मिस्त्री आले, सोबत त्यांचा मुलगा. तो हुशार निघाला. त्याने भिंतीत आरपार भोकं पाडली, बोळाच्या बाजूने लोखंडी पट्टी लावली आणि दांडा बोल्टने आवळला. मग यजमानांना, म्हणजे ऐंशी किलोंना, दांड्याला लोंबकळायला लावलं. दांडा हलला नाही. आईंनी बघून घेतलं, मगच हात लावला. बोळात आता चार बोल्टची डोकी दिसतात. रंग मारून झाकायचं ठरलं होतं, पण आईंनी एकाला आपली जपमाळेची पिशवी अडकवली, त्यामुळे तो बेत राहिला. कोपऱ्यातली फरशी उखडून उतार सरळ केला, आणि त्या जागी खरखरीत फरशी आली, ती माझ्या पैशांनी. दार आता बाहेर उघडतं.

रॅम्प अजून बाकी आहे. चौदा फूट सरळ जागा अंगणात नाही, म्हणून मध्ये सपाट चौथरा घेऊन वळवायचा आहे. डबर येऊन पडलंय, मिस्त्री म्हणतात बुधवारी येतो. या रॅम्पचे त्यांचे आठ हजार अजून माझ्याकडे आहेत, आणि या वेळी बादली, नाणं आणि मोजपट्टी मी आधीच काढून ठेवली आहे.

नमस्कार.