वायुदूत: एकोणीस सीटांची सरकारी एअरलाईन

डॉर्निअर 228 नावाचं छोटं प्रवासी विमान डोळ्यासमोर आणा. आत शिरल्यावर सरळ उभं राहता येत नाही, कारण केबिनची उंची साधारण 155 सेंटीमीटर, म्हणजे बऱ्यापैकी उंच माणूस असेल तर मान खाली घालून आपल्या सीटपर्यंत जायचं. मधे चिंचोळी वाट आणि दोन्ही बाजूला एकेकच सीट. त्यामुळे प्रत्येकाला खिडकी, आणि खिडकीवरून भांडण नाही. केबिन प्रेशराइज्ड नाही, म्हणजे आत हवेचा दाब टिकवून ठेवायची सोय नाही, म्हणून विमान फार उंच जात नाही, ढगांच्या वर निघून जायची सोय नाही, पावसाळ्यात जे काय हादरे बसायचे ते सगळे बसणार.

ह्या विमानामुळे लोकांच्या लक्षात राहिलेली कंपनी म्हणजे वायुदूत.

त्या काळात देशात विमान उडवायचं तर सरकारनेच, 1953 च्या कायद्याने दुसऱ्या कोणाला शेड्यूल्ड सर्व्हिस, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाची विमानसेवा, चालवायची मुभाच नव्हती. इंडियन एअरलाईन्सकडे 70 च्या दशकात बोइंग आली, मग एअरबस आली, आणि मोठी विमानं आली की छोटी गावं आपोआप मागे पडतात, तसं झालं. ईशान्य भारतात तर धावपट्ट्या होत्या, काही दुसऱ्या महायुद्धातल्या, पण तिथे जेट उतरणार कसं? मग एअर इंडिया आणि इंडियन एअरलाईन्सने मिळून एक वेगळी कंपनी काढली आणि 26 जानेवारी 1981 ला वायुदूत सुरू झाली. सुरुवातीला फोकर फ्रेंडशिपसारखी जुनी विमानं, आणि पासीघाट, तेजू, कमालपूर, कैलाशहर अशी गावं. मराठी माणसाने तेव्हा ही नावं नकाशात शोधली असती तरी पटकन सापडली नसती. पण तिथल्या माणसाचा एक-दोन दिवसांचा डोंगरातला रस्ता तासाभरावर आला, आणि माझ्या मते वायुदूतचं सगळ्यात खरं काम हेच.

पुढे मात्र गंमत सुरू झाली. कानपूरला एचएएलने, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स ह्या सरकारी विमान कंपनीने, जर्मन लायसन्सवर डॉर्निअर बनवायला घेतलं होतं, हवाई दल, नौदल, कोस्ट गार्ड ही गिऱ्हाईकं होतीच, प्रवासी बाजूने वायुदूत होती. 19 सीटांचं विमान, छोट्या पट्टीवर उतरणारं, आणि सरकारी कंपनी. मग काय, प्रत्येकालाच आपल्या गावात विमान पाहिजे. कुल्लू झालं, शिमला झालं, जैसलमेर झालं, 1988 मध्ये लक्षद्वीपच्या अगत्तीला विमानतळ झाला तर तिथेही डॉर्निअर उतरलं, इकडे कोल्हापूरलाही वायुदूत यायची. ईशान्येसाठी काढलेली कंपनी देशभर फिरायला लागली.

आता हिशोब बघा. विमान 19 सीटांचं असो की दीडशेचं, पायलट दोन लागतातच. खाली फायर ब्रिगेडची गाडी लागते, हवामानवाला लागतो, काउंटरवर माणूस लागतो. छोट्या अंतराच्या फ्लाईटमध्ये इंधन सगळ्यात जास्त जातं ते वर चढताना, आणि इथे चढून जरा सरळ होतंय तोवर उतरायची वेळ. सगळ्या 19 सीटा भरल्या तरी कठीण, त्यात रोज कुठे भरतायत! तिकीट वाढवावं तर लोक एसटी नाहीतर ट्रेन बरी म्हणणार.

त्यात अपघात. 19 ऑक्टोबर 1988 ला सिलचरहून येणारं वायुदूतचं फोकर गुवाहाटीजवळ पडलं, आतले सगळे 34 जण गेले. त्याच दिवशी अहमदाबादला इंडियन एअरलाईन्सचं बोइंगही पडलं होतं आणि त्यात 130 च्या वर माणसं गेली, त्यामुळे गुवाहाटीचा अपघात आज कोणाला चटकन आठवतच नाही. पुढच्याच वर्षी, 23 सप्टेंबर 1989 ला, पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्निअर इंदापूरकडे उजनीच्या पाण्यात कोसळलं. 11 जण, कोणीच वाचलं नाही. सोलापूर हायवेने जाताना भिगवणच्या पुढे डावीकडे जे पाणी दिसतं ना, फ्लेमिंगो बघायला आपण थांबतो, तोच हा जलाशय.

नव्वदीत तोटा इतका झाला की एकेक स्टेशन बंद पडायला लागलं. 1993 मध्ये सरकारने वायुदूत इंडियन एअरलाईन्समध्ये विलीन करायचं ठरवलं, आणि माणसं, विमानं इकडेतिकडे वाटून सगळं आवरेपर्यंत 1997 उजाडलं. मधल्या काळात, 1994 ला, तो 1953 चा कायदा रद्द झाला, आणि सरकारने खाजगी कंपन्यांना नियम घातला की मोठ्या रूटवर उडायचं असेल तर काही टक्के फेऱ्या ईशान्येसारख्या भागातही करायच्या. म्हणजे जो भार आधी सरकारी कंपन्यांच्याच डोक्यावर होता तो आता सगळ्यांत वाटला. हे आधी सुचलं असतं तर? असो.

2017 ला उडान, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडायची सरकारी योजना, त्याखालच्या फ्लाईट्स सुरू झाल्या, आपल्याकडे नांदेड-हैदराबाद पहिल्याच दिवशी उडालं. इथे तोटा भरून द्यायला सरकारी पैसे आहेत, मोठ्या रूटच्या फ्लाईट्सवर त्यासाठी लेव्ही, म्हणजे छोटा कर, आहे. वायुदूतसाठी अशी लेव्ही नव्हती.

आणि 12 एप्रिल 2022. दिब्रुगढहून अलायन्स एअर ह्या सरकारी कंपनीचं विमान पासीघाटला उतरलं. कानपूरचंच डॉर्निअर 228. सीटा मात्र दोन कमी, 17.