कार्बनचा हिशेब: मोजायला सुरुवात कुठून केली?

बसा, मागे जागा आहे अजून. विषयाचं नाव जड आहे म्हणून आधीच सांगतो, आज गणित आहे पण गुणाकार-भागाकाराच्या पुढचं काही नाही.

कार्बनचा अणुभार 12, कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे सीओटूचा, रेणुभार 44. म्हणजे एक टन कार्बन पूर्ण जळला की जवळपास 3.67 टन सीओटू. लोकांना हे पटतच नाही, एक टन जाळून साडेतीन टनांच्या वर कसं निघेल, अहो हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो ना त्याला! बऱ्याच वीज प्रकल्पांचं उत्सर्जन असंच काढतात, चिमणीत मीटर नाही, किती कोळसा जाळला आणि त्यात कार्बन किती होता एवढं घ्यायचं आणि गुणायचं. म्हणून कोळशाचं सॅम्पलच नीट घेतलं नसेल तर पुढचा रिपोर्ट कितीही चकचकीत असू दे, काही अर्थ नाही.

कंपनीच्या उत्सर्जनाचे तीन गट करतात, स्कोप 1, 2, 3, तुम्ही ऐकलं असेल. स्वतः सोडलेलं, विकत घेतलेल्या विजेचं, आणि बाकी पुढचं-मागचं सगळं. गंमत अशी की तेल कंपनीचं सगळ्यात मोठं उत्सर्जन तिसऱ्यात असतं, कारण तिचं तेल जाळणारे आपण. आणि नैसर्गिक गॅसवाल्यांनी मिथेनची (म्हणजे त्या गॅसमधल्या मुख्य वायूची) गळती मोजली का तेही विचारा, कारण हवा तापवण्यात मिथेन 100 वर्षांच्या हिशेबात सीओटूच्या 28-30 पट आणि 20 वर्षांच्या हिशेबात 80 पटीच्या वर धरतात, मग कोणता आकडा निवडला त्यावर गॅस कोळशापेक्षा किती बरा ते ठरतं.

आता खरा मुद्दा, सीओटूपासून इंधन. ऐकायला एकदम भारी वाटतं, धूर आत आणि पेट्रोलसारखं काहीतरी बाहेर. पण सीओटू म्हणजे कार्बनची राखच आहे हो. जाळताना जी ऊर्जा निघाली ती परत आत घातल्याशिवाय राखेचं लाकूड होत नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच घालावी लागते. मेथॅनॉलचं घ्या, हे इंधन म्हणून जळणारं एक अल्कोहोल. एक टन मेथॅनॉलला 1.375 टन सीओटू लागतो आणि साधारण 188 किलो हायड्रोजन. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला 50 युनिट तरी वीज जाते, म्हणजे झाले 9,400 युनिट. ही वीज कोळशाची असेल तर युनिटमागे ढोबळ एक किलो सीओटू, म्हणजे नऊ टनांच्या वर. सव्वा-दीड टन पकडायला नऊ टन सोडले! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर ते मेथॅनॉल जाळून उष्णता मिळते 5,500 युनिटची, आणि पकडलेला 1.375 टन परत हवेत जातो तो वेगळाच.

मग हे सगळं खोटं का? नाही. आइसलँडमध्ये 2012 पासून रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांच्या नावाचा प्लांट होता, वर्षाला 4,000 टन मेथॅनॉलचा, आणि तिथं भूऔष्णिक वीज होती म्हणून हिशेब बसला. चीनमध्ये आन्यांगला 2022 मध्ये 1,10,000 टनांचा सुरू झाला, तिथं हायड्रोजन येतो कोक ओव्हन गॅसमधून, म्हणजे दगडी कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या गॅसमधून. तंत्रज्ञान जवळपास तेच, पण हायड्रोजनचा उगम बदलला की कार्बनचा हिशेब पूर्ण वेगळा मांडायला लागतो, आणि बातमीत मात्र दोन्हीकडे 'सीओटूपासून मेथॅनॉल' एवढंच येतं.

दुसरा प्रश्न, कार्बन अडकून राहतो किती दिवस? आज जगात सीओटूचा सगळ्यात मोठा वापर युरियात होतो, पण युरिया जमिनीत पडला की तो सीओटू सुटतो, याला साठवण कोण म्हणेल? याउलट आइसलँडमध्येच कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पवाल्यांनी सीओटू पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसॉल्ट खडकात सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला 95 टक्क्यांच्या वर खनिज होऊन बसला. हा दगड झाला, तो कुठं जात नाही. मात्र एक टनाला 25 टनांच्या आसपास पाणी लागतं, हे पण सांगायला हवं.

मघाशी एकांनी विचारलं की प्लांटवाले धुरातला 90 टक्के सीओटू पकडतो म्हणतात ते खरं का. खरं असू शकतं, पण कशाच्या 90 टक्के? अमेरिकेत टेक्सासमधला पेट्रा नोव्हा बघा, कोळशाच्या वीज केंद्राच्या धुरातून सीओटू पकडणारा प्रकल्प, 2017 ला सुरू झाला. त्या केंद्राच्या एका संचाच्या धुराचा फक्त काही भाग त्यात वळवलेला, 90 टक्के होते ते त्या भागाचे. पकडायच्या यंत्रणेला वीज आणि वाफ द्यायला शेजारी गॅसवरचा वेगळा प्लांट, त्याचा धूर पकडतच नव्हते. आणि पकडलेला सीओटू जात होता जुन्या तेलविहिरीत, उरलंसुरलं तेल वर ढकलायला. 2020 मध्ये तेलाचा भाव पडला तसा तो बंद केला, 2023 मध्ये परत चालू झाला.